आधी दोघांनी मिळून एक चित्र बघा: गावाकडच्या पहिल्या भेटीगाठींसाठी

नव्यानं ओळख झालेल्या दोघांना आपल्याकडे भेटायला जागा कशीबशी मिळते. अभ्यासिकेबाहेरचा चहा असतो, एसटी स्टँडचा कॅन्टीन असतो, फोन तर खिशातच असतो. अडतं ते बोलण्यात. ‘जेवण झालं का’, ‘काय चालू आहे’, ‘झोपली का’ यावर एखादा आठवडा निघतो. मग दोघंही एकमेकांच्या स्टेटसकडे बघत बसतात आणि समोरच्याला आपल्यात रस राहिला नाही, असं दोघांनाही वाटायला लागतं.

अशा वेळी जुन्या, नावाजलेल्या चित्रांचा मोठा आधार होतो. चित्र फोनवर फुकट बघता येतं, त्याला तिकीट लागत नाही आणि कलेचं शिक्षणही लागत नाही. सिनेमा बघताना तो पुढे पळत असतो, आपण गप्प बसतो. चित्र जागेवर थांबतं. त्याच्याबद्दल बोलता येतं, वाद घालता येतो, पुन्हा वळून बघता येतं. शिवाय जे प्रश्न समोरच्याला थेट विचारायला जीभ रेटत नाही, ते चित्रातल्या बाईबद्दल किंवा माणसाबद्दल सहज विचारता येतात. ‘तुला लग्नानंतर काम करायचं आहे का?’ हा प्रश्न पहिल्या पंधरा दिवसांत जड जातो. ‘या तिघी शेतात कोणासाठी राबत असतील?’ हा जात नाही, आणि पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच मिळून जातं.

कॉलेजात ओळख झालेली असो, भरतीची तयारी करताना झालेली असो, की पोह्यांचा कार्यक्रम होऊन घरच्यांनी ‘बोलून घ्या महिनाभर’ म्हटलेलं असो, पुढची रीत तिन्हींना चालते. दोन अटी मात्र पक्क्या. दोघांची अठरा वर्षं पूर्ण झालेली असावीत आणि दोघंही आपल्या मर्जीनं बोलत असावेत.

सुरुवात घरातल्या भिंतीपासून

पहिलं चित्र परदेशी नको. ते आपल्या घरातच आहे. देवघरातली किंवा दुकानाच्या गल्ल्यामागची लक्ष्मी आठवा. कमळावर उभी, नेसलेलं लुगडं, मागे पाणी आणि हत्ती. ही लक्ष्मी अशी दिसते याला मोठं कारण राजा रविवर्मा. त्यांचा जन्म १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. राजवाड्यात लटकणारी तैलचित्रं त्या छापखान्यातून कागदावर उतरली आणि खेड्यातल्या भिंतीपर्यंत पोहोचली. पुढची कित्येक कॅलेंडरं त्याच चेहऱ्यांवर निघाली.

म्हणून पहिला प्रश्न असा ठेवा: ‘तुमच्या घरी समोरच्या भिंतीवर काय लावलेलं आहे?’ कोणाकडे गजानन महाराज असतील, कोणाकडे बुद्ध आणि बाबासाहेब, कोणाकडे आजोबांचा रंगवलेला फोटो, कोणाकडे मक्केचं चित्र. ते कोणी आणलं, कोण रोज पुसतं, लहानपणी त्यातलं काय बघायला आवडायचं, हे विचारा. अर्ध्या तासाचं बोलणं आहे हे. आपल्या भागात या प्रश्नातून जातही कळते, हे सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्यासाठी विचारायचा असेल तर विचारू नका. जातीबद्दल बोलायचं असेल तर ते सरळ बोला, आणि लवकर बोला. त्याबद्दल शेवटी सांगते.

दुसऱ्या दिवशी पाठवायला रविवर्म्यांचं ‘हंस-दमयंती’ घ्या, १८९९ चं. मूळ चित्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा आर्ट गॅलरीत आहे. दमयंती उभी आहे, समोर कठड्यावर हंस आहे, आणि तो तिला नलाबद्दल सांगतोय. ही दमयंती आपलीच. विदर्भाच्या भीम राजाची मुलगी, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेलं कौंडण्यपूर म्हणजेच ते कुंडिनपूर, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. रुक्मिणीचं माहेरही तेच.

चित्र पाठवा आणि एवढंच विचारा: ‘हिनं त्याला अजून पाहिलं नाही. नुसतं ऐकूनच जीव जडलाय. हंस सगळं खरं सांगत असेल?’ ज्यांची ओळख अजून फोनवरच आहे, त्यांच्यासाठी याहून नेमका प्रश्न मला तरी माहीत नाही. आपणही एकमेकांबद्दल ऐकीव गोष्टींवर चाललोय, कोणीतरी मधला सांगतोय, कोणी भर घालतोय, हे दोघांच्याही लक्षात येतं आणि बोलणं आपोआप खऱ्यावर येतं.

चित्र पाठवण्याआधी नाव तपासायची सवय मात्र लावून घ्या. हातात समई, बोटांतून झिरपणारा उजेड आणि खाली पाहणारी बाई, हे चित्र व्हॉट्सअॅपवर बरेचदा रविवर्म्यांच्या नावानं फिरतं. ते सावळाराम हळदणकरांचं आहे, जलरंगातलं आहे, आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. समोर उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची मुलगी. ही माहिती योग्य नावासकट दिलीत तर समोरच्याला कळतं की हा माणूस आलेलं तसंच पुढे ढकलत नाही. पहिल्या ओळखीत या गोष्टीचं वजन फार असतं.

बघायचं कसं

आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आठवत असेल. त्यातलं स्मरणचित्र इथे कामाला येतं.

दोघांनी एकाच वेळी एक चित्र उघडायचं. फोनचा ब्राइटनेस पूर्ण करायचा. दोन मिनिटं काही बोलायचं नाही, टाईपही करायचं नाही. मग फोन पालथा ठेवायचा आणि काय काय पाहिलं ते एकेकानं सांगायचं. एक वस्तू त्यानं, एक तिनं. दोघांचं संपलं की चित्र पुन्हा उघडायचं आणि काय सुटलं ते शोधायचं. पहिल्या फेरीत ‘छान आहे’, ‘भारी आहे’, ‘बोअर आहे’ हे शब्द वापरायचे नाहीत. फक्त जे आहे ते. तिघं-चौघांत बसून करून बघा, एकच चित्र प्रत्येकानं वेगळं पाहिलेलं असतं.

यासाठी सगळ्यात चांगलं चित्र म्हणजे डच चित्रकार व्हर्मीर याचं ‘दूध ओतणारी’. साधारण १६६० चं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोठ्या आकारात फुकट मिळतं, आणि ‘गूगल आर्ट्स अँड कल्चर’ या ॲपवरही अशी पुष्कळ चित्रं अगदी जवळ नेऊन बघता येतात. मोठी फाइल कॉलेजच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वायफायवर उतरवून ठेवा, म्हणजे शेतात रेंज गेली तरी अडत नाही.

दोघांचं बोलणं साधारण असं होतं:

‘काय दिसते?’

‘बाई दूध ओतून राह्यली.’

‘अजून?’

‘बाह्या वर सारल्या तिनं. वरचा हात गोरा हाये, मनगटापाशी रापेल हाये.’

‘मंग उन्हातान्हात काम करत असन.’

‘अन् भितीत खिया हाये पाह्य. त्याले काहीच टांगेल नाही.’

खिळ्यापर्यंत आलात की चित्र बघायला लागलात असं समजा. आता आणखी जवळ जा. भिंतीत आधीच्या खिळ्यांची भोकं आहेत. खिडकीची एक काच फुटलेली आहे. टेबलावर पावाचे तुकडे आहेत, त्यांच्यावर उजेडाचे बारीक ठिपके आहेत. दुधाची धार अगदी बारीक आहे, म्हणजे ती घाई करत नाहीये. उजवीकडे जमिनीलगत पाय शेकायची लाकडी पेटी आहे. तिच्या मागे भिंतीच्या पायथ्याशी टाइल्स बसवलेल्या आहेत आणि त्यातल्या एकीवर बाण मारणारा मदन आहे. तो दिसल्यावर दोघांपैकी एक जण लाजतोच. चित्रकारानं तो तिथे का ठेवला असेल? स्वयंपाकघरात एकटीच काम करणारी ही बाई त्या क्षणी कोणाचा विचार करत असेल, की दुधाखेरीज कशाचाच नाही? यावर दोन मतं असू द्या.

एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. २०२२ मध्ये संग्रहालयानं या चित्राची यंत्रांनी तपासणी केली, तेव्हा रंगाखाली आधी काढलेल्या वस्तू सापडल्या. बाईच्या डोक्यामागे भिंतीवर सुरया टांगायची फळी होती आणि खाली शेकोटीची टोपली. व्हर्मीरनं दोन्ही झाकून टाकल्या आणि भिंत मोकळी सोडली. म्हणून आपली नजर त्या बाईवर आणि धारेवर टिकते. त्यानं काय काढलं असेल आणि का, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक चित्राला विचारत चला.

चित्र केवढं आहे हेही सांगा. हे उंचीला ४५.५ सेंटीमीटर आहे, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतो तो आपला एक हात. रुंदी त्याहून किंचित कमी. फोनवर सगळी चित्रं सारखीच दिसतात. भिंतीवर खडूनं चौकट आखून बघितली की ते चित्र घरात आल्यासारखं वाटतं. रेम्ब्रांट या दुसऱ्या डच चित्रकाराचं ‘नाइट वॉच’ आखायला जाल तर घराची भिंत पुरणार नाही, ते जवळजवळ बारा फूट उंच आणि चौदा फुटांहून जास्त रुंद आहे.

आठवड्याची देवाणघेवाण

रोज एक चित्र पाठवू नका. आठवड्याला एक पुरे, आणि वार ठरवून घ्या. एका आठवड्यात त्यानं निवडायचं, दुसऱ्यात तिनं. निवडणाऱ्यानं त्या दिवशी कमी बोलायचं आणि जास्त ऐकायचं. हा नियम मुलांनी विशेष पाळावा. चित्राबद्दल नेटवर वाचून आलेला मुलगा सगळी माहिती एका दमात सांगून टाकतो आणि मुलीला वाटतं आपण परीक्षेला बसलोय. माहिती शेवटी द्या, तीही दोन वाक्यांत.

टाईप करण्यापेक्षा आवाजी निरोप बरा, कारण थांबलेलं, अडखळलेलं त्यात ऐकू येतं. घरात फोन एकच असेल किंवा लहान भाऊ सारखा गेम खेळायला फोन घेत असेल, तर ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. उत्तर उशिरा आलं की रुसवेफुगवे होतात ते बहुतेक यामुळेच. वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर संध्याकाळी अंगात त्राणच राहत नाही. त्या दिवसांत आठवडा चुकला तर चुकू द्या.

समोरच्यानं ‘मला काहीच नाही कळलं यातलं’ म्हटलं तर ते पूर्ण उत्तर आहे. त्यावर ‘अगं, एवढं सोपं आहे’ असं कधीही म्हणू नका. ‘कुठे नजर अडली?’ एवढं विचारा. ज्याला आपल्यासमोर ‘नाही कळलं’ म्हणता येतं, तो पुढे ‘नाही आवडलं’ही सांगू शकेल. ‘नको’ही म्हणू शकेल. सुरुवातीच्या दिवसांत एवढी मोकळीक तयार झाली तर बाकी सगळं हळूहळू होतं.

कोणत्या बोलण्याला कोणतं चित्र

फ्रेंच चित्रकार मिले याचं ‘सरवा वेचणाऱ्या’ हे १८५७ चं चित्र आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे ते. कापणी झालेल्या शेतात तीन बाया पडलेली कणसं वेचतायत. दोघी पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट उठतेय किंवा वाकतेय. आता मागे बघा. लांबवर धान्याच्या गंज्या लागल्या आहेत, गाडी भरतेय, आणि उजवीकडे अगदी लहानसा, घोड्यावर बसलेला देखरेख करणारा माणूस आहे. सगळा उजेड आणि सगळी सुगी त्या तिकडे. या तिघींच्या वाट्याला जमिनीवर सांडलेलं.

या चित्रावर घाई करू नका. कापूस वेचणाऱ्या बायांची कंबर दिवसभरानंतर कशी होते हे आपण पाहिलेलं आहे, कित्येकांच्या आईनं ते केलेलं आहे, आणि काहींच्या घरी बाया वेचायला येतात. किलोमागे मजुरी कोण ठरवतं, घरातल्या बाईनं घरच्या शेतात केलेलं काम कोणी मोजतं का, ती कमावते तो पैसा कोणाच्या हातात जातो, हे सगळं या एका चित्रावरून बोलता येतं. तीन बायांपैकी तुझी आई कुठली, असं विचारून बघा. मुलगा घोड्यावरच्या माणसाबद्दल काय बोलतो हे मुलीनं नीट ऐकावं. मुलगी त्या बायांकडे दयेनं बघते की ओळखीनं, हे मुलानं ऐकावं. दोघांच्या घरची शेती सारखी नसेल तर हे बोलणं अवघड जाईल. तरी करा.

याच मिलेचं ‘अँजेलस’ लहान आहे आणि शांत आहे. संध्याकाळ, बटाट्याचं शेत, लांब चर्चचा मनोरा, प्रार्थनेची घंटा वाजलीय म्हणून एक माणूस आणि एक बाई मान खाली घालून उभे आहेत. एकमेकांकडे बघत नाहीत. त्यांचं नातं काय असेल यावर प्रत्येक जोडी वेगळं काहीतरी सांगते.

पोह्यांच्या कार्यक्रमातून ओळख झाली असेल तर अमृता शेरगिल यांचं ‘तीन मुली’ घ्या. १९३५ चं आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. परदेशात शिकून परतल्यावर सुरुवातीलाच केलेलं हे काम. तीन तरुण मुली जवळजवळ बसल्यात, पण एकीचीही नजर दुसरीकडे नाही. रंग तापलेले, चेहरे थंड. त्या कशाची तरी वाट बघतायत, आणि ते त्यांच्या हातात नाही. मुलीला विचारा की पाहुणे बैठकीत बसलेले असताना आत स्वयंपाकघरात ती कशी बसली होती. उत्तर मिळालं तर मधे बोलू नका. मग मुलानंही सांगावं की पोह्यांची बशी हातात घेऊन बसलेल्या त्याला काय वाटत होतं. त्यालाही कोणीतरी तिथे आणून बसवलेलंच असतं.

रेम्ब्रांटचं ‘ज्यू वधू’ थोडं मागे ठेवा, ओळख मुरल्यावर बघायला. १६६५ नंतरच्या काही वर्षांतलं चित्र, राइक्सम्युझियममधलंच. पुरुषाचा हात तिच्या छातीवर अलगद टेकलाय आणि तिच्या बोटांची टोकं त्या हातावर आहेत. नुसते हात बघा, चार हात. कोणी ओढत नाहीये, कोणी ढकलत नाहीये. तिनं हात ठेवू दिलाय हे तिच्या बोटांवरून दिसतं. स्पर्शाबद्दल, परवानगीबद्दल बोलायला आपल्याकडे शब्दच सापडत नाहीत. हे चित्र समोर असलं की सापडतात. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं हे चित्र पाहिलं तेव्हा तो सोबतच्या मित्राला म्हणाला होता की कोरड्या भाकरतुकड्यावर पंधरा दिवस यासमोर बसू दिलं तर आयुष्यातली दहा वर्षं देईन. त्याच व्हॅन गॉगनं त्याच वर्षी, १८८५ मध्ये, दिव्याखाली बटाटे खाणारं शेतकऱ्याचं कुटुंब रंगवलं. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात आहेत, हे त्याला दाखवायचं होतं. ही दोन चित्रं शेजारी ठेवून फक्त हात बघितले तरी एक संध्याकाळ पुरत नाही.

काय पाठवायचं नाही

जुन्या चित्रांत उघडी शरीरं पुष्कळ आहेत. त्यात वाईट काही नाही, पण ‘क्लासिक आहे’ या नावाखाली असं चित्र न विचारता पाठवणं हा दबावच आहे. आधी विचारा, ‘नको’ आलं तर विषय तिथेच सोडा. असं एखादं चित्र पाठवून समोरची काय म्हणते याची परीक्षा घेणाऱ्यापासून मुलींनी लांबच राहावं.

स्वतःचे फोटो मागू नका, आणि कोणी मागितले तर देऊ नका. ‘चित्रासारखी पोज दे’ हे मागणंही त्यातच आलं. बोलण्याचे स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाकणारा मुलगा कितीही गोड बोलत असला तरी त्याच्याशी ओळख वाढवू नये. आपल्या गावांत गोष्ट पानठेल्यावरून घरापर्यंत यायला एक दुपार लागते, आणि तिची किंमत नेहमी मुलीलाच जास्त मोजावी लागते. मुलानं हे समजून घेतलेलं असणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पहिली भेट

भेट दिवसाची, चारचौघांतली आणि तासा-दीड तासाची ठेवा. मुलीनं एका मैत्रिणीला किंवा वहिनीला कुठे, कोणासोबत, किती वाजेपर्यंत हे सांगून जावं. जाण्यायेण्याचं वाहन ज्याचं त्याचं असावं, म्हणजे नको वाटलं तर उठून निघता येतं. उन्हाळ्यात दुपारी बाहेर भेटायचा विचारही नको. आपल्या उन्हात प्रेमही टिकत नाही आणि चिडचिड मात्र होते.

नागपूरच्या बाजूला असाल तर सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, उत्तम. १८६३ पासूनचं आहे. माणसांची ये-जा असते आणि बोलायला भरपूर वस्तू असतात. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. सगळी दालनं बघू नका. प्रत्येकानं आपली एक वस्तू निवडायची आणि दुसऱ्याला तिच्यासमोर नेऊन उभं करायचं. नंतर तर्री-पोहे खा, आणि आपापले पैसे आपण द्या. पहिल्या भेटीत कोणावर उपकार नको.

लांब जाणं जमत नसेल तर गावातच करा. फोटो स्टुडिओत किंवा झेरॉक्सच्या दुकानात एखाद्या चित्राचा रंगीत प्रिंट काढा, जाड आणि चमक नसलेल्या कागदावर. अभ्यासिकेच्या बाकावर तो मधे ठेवला की दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही, अवघडलेपण जातं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे झाडीपट्टीच्या नाटकांना सगळं गाव जमतं, तिथे मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात जाता येतं. तिथले रंगवलेले पडदे बघा. राजवाडा, जंगल, रस्ता कसा उभा केलाय, लांबचं लहान कसं दाखवलंय, हे कळायला लागलं की संग्रहालयातलं चित्रही वेगळं दिसतं.

अजिंठा

ओळखीला काही महिने झाले आणि घरी निदान एकाला माहीत असलं, की अजिंठ्याला जा. एकटे नका जाऊ, चौघं-सहा जण मिळून जा. बुलढाण्याहून रस्ता जवळचा. नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोल्याहून रेल्वेनं जळगाव, तिथून बस. सोमवारी लेणी बंद असतात. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवावी लागते, पुढे तिथल्या बसनं जायचं.

हे लेणं मराठवाड्यात असलं तरी त्याचा धागा आपल्या वाशीमला जोडलेला आहे. पाचव्या शतकातला वाकाटक राजा हरिषेण हा वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे वाशीम. सोळा क्रमांकाचं लेणं त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं कोरवून घेतलं, तसा लेख तिथे आहे.

पहिल्या लेण्यात गर्दी असते, म्हणून आधी सोळा आणि सतरा करा. आत अंधार असतो. शिरल्या शिरल्या काही दिसत नाही आणि लोक लगेच बाहेर पडतात. तुम्ही थांबा. पाच मिनिटांत डोळे सरावतात आणि भिंतीतून माणसं वर यायला लागतात. फ्लॅश मारू नका. कोरड्या गिलाव्यावर लावलेला रंग आहे, एकदा गेला की परत येणार नाही.

सोळाव्या लेण्यात नंदाची गोष्ट आहे. बुद्धांचा हा सावत्र भाऊ नवीन लग्न झालेलं असताना भिक्षू होतो, आणि त्याचा मुकुट घरी परत येतो. तो पाहून त्याची बायको सुंदरी कोसळते. तिला सावरणाऱ्या बायांचे चेहरे बघा. सतराव्यात राजपुत्र विश्वंतर आहे. मागेल त्याला देणारा, राज्यातून घालवलेला, पुढे मुलंसुद्धा दान करणारा. हद्दपारीची बातमी आल्यावर तो आणि मद्री जवळ जवळ बसलेत. आपल्याकडे बुद्धांच्या गोष्टी पुष्कळ घरांत लहानपणापासून ऐकलेल्या असतात, तिथे याचा अर्थ आणखी खोल जातो. मोठ्या ध्येयाच्या माणसाशी संसार करणं कसं असेल, आणि निर्णय घेताना त्यानं तिला विचारलं होतं का, यावर परतीच्या बसमध्ये बोला. नोकरीसाठी पुण्याला जायचं, की इथेच शेती सांभाळायची, हा तुमचा स्वतःचा प्रश्न त्यातून बहुतेक वर येईलच.

पुढे

दोन-तीन महिन्यांत दोघांनाही अंदाज येतो. या टप्प्यावर लग्नाबद्दल, जातीबद्दल, घरच्यांबद्दल सरळ बोला, चित्र मधे न ठेवता. ‘घरी कधीच मानणार नाहीत’ हे माहीत असून वर्षभर झुलवत ठेवणं अन्याय आहे. सांगायचं ठरलं तर आधी घरातल्या त्या माणसाला सांगा जो ऐकून घेतो. ती आई असेल, मोठी वहिनी असेल, एखादे मामा असतील. दोघांनी एकाच आठवड्यात आपापल्या घरी सांगावं, म्हणजे एकीकडून फुटलेली बातमी दुसरीकडे वाकडी होऊन पोहोचत नाही.

आणि नाही जमलं, तर ज्याला थांबायचं आहे त्यानं स्वतःच्या तोंडानं तसं सांगावं. उत्तरं द्यायची बंद करून समोरच्याला ओळखायला लावू नये. ज्याला नकार मिळाला त्यानं कारण एकदा विचारावं, दुसऱ्यांदा नाही. मित्रांना मधे पाठवू नये, तिच्या गावाच्या एसटीत चढू नये. आवाजी निरोप दोघांनीही त्याच दिवशी पुसून टाकावेत. एकमेकांना पाठवलेली चित्रं ठेवली तरी चालतात, ती कोणाच्याच मालकीची नव्हती.